सीनेपलीकडची साडी

सीना ओलांडली की साडी स्वस्त होते, असं आमच्या गावातल्या बायकांचं ठाम मत आहे. नदी ओलांडल्यावर तेल स्वस्त होत नाही, साखर होत नाही, डॉक्टर तर मुळीच होत नाही. साडी मात्र होते. दसरा झाला, बाजरीची कणसं खळ्यावर पडली, की हे मत गावभर पसरतं आणि गाडी ठरते. परवा आमची सूनही रिकाम्या पिशव्यांची घडी घालून पर्समध्ये कोंबताना दिसली.

"आत्या, येताय का कड्याला? एक जागा हाय गाडीत."

"मला आता कुनाला फसवायचं न्हाई," मी म्हटलं.

ती हसली. म्हातारी चेष्टा करते असं तिला वाटलं.

आमचं गाव मिरजगावच्या बाजाराचं. पूर्वेला गेलं की सीना नदी लागते, आणि नदीच्या पलीकडे बीड जिल्हा आणि कड्याचा बाजार. पुलाच्या दोन्ही अंगांना सरकारनं पाट्या लावल्या आहेत. त्या पाट्यांवर पुढाऱ्यांचे वाढदिवस चिकटवलेले असतात, त्यामुळे कुठला जिल्हा कुठे संपतो ते वाचता येत नाही. वाचायची गरजही नाही. माती दोन्हीकडची एकच. बाभळी त्याच. तूर दोन्हीकडे एकाच आठवड्यात पिवळी होते. माझा जन्म पलीकडचा आणि लग्न अलीकडे झालं, म्हणून मला दोन्ही काठ ठाऊक आहेत, आणि मी खात्रीनं सांगते की नदी ओलांडून कुठल्याही वस्तूची किंमत बदलत नाही. साड्यांचे गठ्ठे सुरतेहून येतात. एकच टेम्पो अर्धे मिरजगावात टाकतो, अर्धे कड्याला. वर गाडीचं भाडं, कड्याच्या स्टँडवरची भजी, चहा, एखादीला गाडी लागली तर लिंबू-सोडा. वाचवलेला पैसा पूल परत यायच्या आत संपलेला असतो.

मग बायका जातात कशाला?

आमच्याकडे साडी दिली म्हणजे काम संपत नाही. घेणारी ती साडी घेऊन दुकानात जाते. "भावानं घेतलीया, पन रंग अंगावर खुलत न्हाई, बदलून द्या," म्हणते. रंगाचं निमित्त. तिला किंमत काढायची असते. बदलून देताना दुकानदार आधी किंमत सांगतो, आणि आमच्या बाजारातले दुकानदार हळू बोलायला शिकलेले नाहीत. गादीवर बसलेल्या सगळ्या बायका ऐकतात. दिवस मावळायच्या आत वाड्यावस्त्यांवर कळतं की अमक्यानं बहिणीची बोळवण कितीत केली. नणंदेची दिवाळी जवळच्या बाजारात करणं म्हणजे आपल्या चिकटपणाची आपणच दवंडी पिटणं. कड्याची साडी बदलायला मात्र नणंद कड्याला जात नाही. भाडं कोण घालवील? ती साडी उजेडात धरते, पदर बोटांत चोळून बघते आणि गप्प बसते. हे गप्प बसणं विकत घ्यायला आमची गाडी नदी ओलांडते. साडी नुसती त्याच्याबरोबर येते.

मी चौथी शिकले. तेवढ्या शिक्षणावर हे मला समजलं. आमची सून बारावी झाली आहे आणि अजून म्हणते, "कड्याला व्हरायटी असती."

पूर्वी काळी-पिवळी जीप असायची. मावतील त्याच्या दुप्पट बायका आणि वर कुणाची तरी पोरं. बाहेर ज्वारी वीतभर उगवलेली, पाटाच्या कडेला कांद्याची रोपं, आणि उन्हात नुसता धुरळा. अंगात आदल्या दिवशीच्या बाजरीचं कूस शिरलेलं, ते जीपमध्ये घामानं आणखी टोचायचं. डोक्याला सगळ्यांनी एकच तेल लावलेलं. त्या वासानं मला अजून कड्याचा रस्ता आठवतो आणि अजून मळमळतं.

शेजारची शांताबाई ह्या सगळ्यांची पुढारी. तिच्या गादीखाली नगरच्या एका मोठ्या दुकानाच्या जाड कागदी पिशव्या असतात. कुणाच्या लग्नात, कुणाच्या बारशात आलेल्या, सुरकुती पडू नये म्हणून गादीखाली दाबून ठेवलेल्या. कड्याची साडी घरी आली की ती नगरच्या पिशवीत जाते आणि नणंदेकडे नगरची होऊन पोचते.

"शांते," मी एकदा जीपमध्ये म्हटलं, "पिशवीवर दुकानाचा फोन नंबर हाय. तुजी ननंद फोन लावंल."

"तिला वाचाया येतं व्हय?"

"तिच्या नातवाला येतं की."

शांताबाई पूल येईपर्यंत अंगठ्याचं नख बघत बसली. मग म्हणाली, "नंबर नखानं खरडून टाकीन."

आणि खरडला. तसली खरडलेली पिशवी मी स्वतः बघितली आहे. तिच्या नणंदेनंही बघितली असणार. पण ती नणंद स्वतःच्या नणंदेला तीच पिशवी पुढे देणार होती, मग ती कशाला बोलेल?

ह्याच दिवसांत समोरून ऊसतोड टोळ्यांच्या गाड्या येतात. बीडकडची माणसं, भांडीकुंडी, कोंबड्या, सरपणाची मोळी, वर झोपलेली पोरं. कारखान्यावर निघालेली. एका वर्षी पुलावर त्यांची गाडी आणि आमची जीप अडकून समोरासमोर उभ्या राहिल्या. आमच्यातली एक म्हणाली, "बगा बाई, सनाच्या तोंडावर घर सोडलं. काय नशीब एकेकाचं." तिच्या मांडीवर रिकामी पिशवी होती. स्वतःच्या नणंदेला सालभर पुरेल एवढं खोटं त्यात भरून आणायला ती निघाली होती, आणि कीव करत होती ती कष्टाला निघालेल्यांची. त्या गाडीतल्या एका बाईनं आमच्याकडे एकदा बघितलं आणि तोंड फिरवून घेतलं. मीही तेच केलं असतं.

कड्याचं ते दुकान दोन मजल्यांचं. खाली पांढरी चादर घातलेली गादी, वर माडी. खाली द्यायच्या साड्या, वर नेसायच्या. दुकानदाराला सांगावं लागत नाही. बाई चप्पल काढून उजवीकडे वळली की गडी देण्याघेण्याचा गठ्ठा सोडतो, जिन्याकडे वळली की शेठ स्वतः उठतो. खालच्या साड्यांना एक वास असतो, खळीचा आणि रॉकेलसारखा काहीतरी. दोन धुण्यांनंतर तो जातो. त्याच्याबरोबर रंगही जातो, आणि काठ गोळा होतो. मग ती साडी गोधडीच्या कामाची उरते. आमच्या भागातल्या गोधड्या बघितल्या की कुणाच्या भावानं काय दिलं ते सगळं वाचता येतं.

ह्या गादीवर एका वर्षी मला कौसा भेटली. कौसा माझी भावजय, धाकट्या भावाची, शिवाची बायको. माझं माहेर कड्याच्या जवळच, म्हणजे तिचा तो घरचाच बाजार. गठ्ठ्याच्या एका बाजूला मी बसलेली, दुसऱ्या बाजूला ती येऊन बसली. मान वर केली आणि तिचा चेहरा पडला.

"वन्सं, तुमी?"

"आले ननंदेला बगाया."

"मी बी," ती म्हणाली.

तिला नणंद एकच. ती मी.

शेठनं दोघींना चहा सांगितला. कौसानं एक पोपटी साडी ओढली, तपकिरी बुट्ट्यांची. मी बघितलं, आणि मी बघितलं हे तिनं बघितलं. शेठ म्हणाला, "ताई, ही घ्या, हिला कोन नाव ठेवनार न्हाई."

"चालंल तिला," कौसा म्हणाली. "ती साधी हाय."

मी म्हटलं, "शेठ, मला बी असलीच काडा. माजी बी साधी हाय."

भाऊबिजेला ती पोपटी साडी माझ्या ताटात आली. "नगरहून आनली," कौसा म्हणाली. "व्हय, नगरची दिसतीच," मी म्हटलं. शिवा मधे बसून करंज्या खात होता. त्याला ह्यातलं काही माहीत नव्हतं. पुरुषांना साडी म्हणजे एक पिशवी एवढंच माहीत असतं.

पुढे दर वर्षी आम्ही तिथे भेटायला लागलो. गठ्ठा एकच. ती माझ्यासाठी खालची उचलायची, मी माझ्या नणंदेसाठी. कधी कधी तर ती मला विचारायची, "वन्सं, ही बरी हाय का ती?" आणि मी सांगायची. लोकांना हे ऐकून वाईट वाटेल. मला वाटत नव्हतं. स्वस्त साडी देणारं माणूस तुमच्याकडून काही मागत नाही. ते फक्त रीत उरकतं आणि जातं. पुढल्या वर्षी पुन्हा रीत उरकायला येतं. त्याच्यात धोका नसतो.

धोका भारी साडीत असतो. हे मी आमच्याच घरात बघितलं.

माझी मुलगी कांता नगरला दिलेली. तिचं बरं चाललं होतं. तिचे वडील वारले त्या वर्षी माझ्या मुलानं तिला दिवाळीला जरीची साडी घेतली. मिरजगावात, भर बाजारात, दुकानाच्या पेटीसकट. गावानं तोंडभरून कौतुक केलं. भाऊबीज झाली आणि लगेच बहीण-भाऊ कर्जतला कचेरीत जाऊन आले. कांतानं हक्कसोड करून दिला. म्हणजे बापाच्या जमिनीत मला काही नको, असं बहिणीनं लिहून द्यायचं. तिनं मला विचारलं नाही. घरी आल्यावर सांगितलं, हसत हसत, जरीच्या साडीत. पुढच्या दिवाळीला तिला पुन्हा कड्याची साडी आली.

दोन-तीन वर्षांत नवऱ्यानं दुसरी बाई घरात आणली आणि कांता शिलाई मशीन घेऊन परत आली. ज्या घरातलं तिनं सगळं सोडून दिलं होतं त्याच घरात. मुलानं तिला पडवी दिली. "दिली" हा त्याचा शब्द. कांता मशीनवर बसली की सून मीटर किती फिरतंय ते बघायला दाराशी जाते. बल्ब लावला की विचारते, "दिसत न्हाई का ओ ताई?" मी जिवंत आहे तोवर कांता त्या पडवीत आहे, एवढं मला स्पष्ट दिसत होतं. पुढचं कुणी बोलत नव्हतं, पण सून पडवीची लांबी-रुंदी डोळ्यांनी मोजताना मी बघितली आहे. तिला तिथे फ्रीज ठेवायचा होता.

असं सगळं चालू असताना ती दिवाळी आली. आठ-नऊ वर्षं झाली असतील. त्या वर्षी परतीचा पाऊस बरा झाला होता, सीनेला पाणी होतं, पुलावर पोरं गळ टाकून बसली होती. मी कड्याला गेले, उजवीकडे वळले, गादीवर बसले. कौसा नव्हती. गठ्ठा सुटला, चहा आला, तरी ती नाही. मग माडीवरून तिचा आवाज आला.

"आनखी भारी दाखवा."

मी गुडघ्यांना शिव्या देत जिना चढले. वर कौसा बसलेली. पुढ्यात वांगी रंगाची साडी, काठ हातभर, जर खरी नसली तरी खरीसारखी. शेठ स्वतः पदर पसरून उभा. मला बघून तिनं पदर झाकायचा प्रयत्न केला. तेवढा मोठा पदर झाकता येत नाही.

"कुनाला गं?"

"असंच. बगतीय."

"कौसे, तुजी ननंद मीच हाय."

तिनं पदर पुन्हा पसरला. मग म्हणाली, "वन्सं, आवडली का न्हाई तेवडं सांगा."

मला भीती वाटली. गादीवर बसून एवढ्या वर्षांत शेकड्यांनी साड्या बघितल्या, भीती वाटलेली ती एक. खाली उतरले तेव्हा आमचा ड्रायव्हर कुणाशी तरी बोलत होता की शिवाच्या रानातून जाणारा रस्ता मोठा होणार, सरकारची माणसं खुणा करून गेली, रस्त्यात जाईल त्याचा पैसा मिळणार. बापाच्या माघारी शिवाबरोबर माझंही नाव त्या रानाला लागलं होतं. कोरडवाहू, मुरमाड रान. आजवर त्या नावाची कुणाला अडचण झाली नव्हती, मलाही आठवण नव्हती. परतीच्या वाटेवर शांताबाई पिशव्यांचं बोलत होती. मी ऐकत नव्हते.

माहेरी न्यायला भाऊ येतो त्याला आमच्याकडे मूळ म्हणतात. कितीतरी वर्षांत शिवा मूळ घेऊन आला नव्हता. मीच आपली एसटीनं जायची, ओवाळायची, साडी घेऊन यायची. त्या वर्षी तो आला, आणि भाड्याच्या मोटारीत. दारात उभा राहून म्हणाला, "आक्का, चल. न्यायाला आलोय." आमच्या सुनेनं त्याला दोन वेळा चहा दिला. तिनं मोटार बघितली होती.

कांता मशीनवर होती. मी लुगडं बदलायला आत गेले तशी मागून आली.

"मामा सही मागनार आई."

"म्हाईत हाय."

"देऊन टाक. त्यो दुखावला तर माहेर बंद हुईल तुजं."

पडवीत राहून, बल्बचे टोमणे खाऊन ती हे सांगत होती. "तुला अजून अक्कल आली न्हाई," मी म्हटलं आणि मोटारीत जाऊन बसले.

मोटारीत शिवा एकसारखा बोलत होता. पाऊस कसा झाला, कांद्याला भाव नाही, पोराचं लग्न करायचंय. पूल आला तेव्हा म्हणाला, "लहानपनी आपुन हितं पोहायचो, आठवतं का आक्का?" मी त्या नदीत कधी पोहले नाही. मला घागर घेऊन पाठवायचे. पोहायचा तो.

भाऊबिजेला कौसानं अंगणभर रांगोळी काढली होती. पाटाखाली, ताटाभोवती, उंबऱ्यात. तुपाचा वास घरभर. एरवी मला पत्र्याच्या खुर्चीवर बसवतात, त्या दिवशी सोफ्यावर बसवलं. मी शिवाला ओवाळलं, त्यानं वांगी साडी ताटात ठेवली आणि वाकून पाया पडला. त्याचे केस वर विरळ झालेले दिसले. चहा झाला. मग तो घसा साफ करून बोलायला लागला.

"सोमवारी आष्टीच्या कचेरीत जाऊन येऊ, आक्का. धा मिनटाचं काम हाय."

"कसलं?"

"तुला म्हाईत हाय."

"तुज्या तोंडून ऐकू दे."

त्याला ते जड गेलं, हे मला बरं वाटलं. रस्त्याचा पैसा, दोघांची नावं, अडचण, साहेब म्हणतात बहिणीचं लिहून आणा, सगळं सांगितलं. शेवटी म्हणाला, "आमी तुला काय कमी केलं का? दर दिवाळीला साडीचोळी केली. एक वरीस चुकवलं का?"

"शिवा, दर दिवाळीची साडी कितीची आसती, म्हाईत हाय का तुला?"

त्याला माहीत नव्हतं. तो कौसाकडे बघायला लागला आणि कौसा जमिनीकडे. मी काही सांगितलं नाही. तिची दया आली म्हणून नव्हे. त्या गठ्ठ्याच्या दुसऱ्या बाजूला मीच बसलेली असायची, तेव्हा बोलायला तोंड कुठे होतं? आणि शिवाला ते कळून फरकही पडला नसता. त्याला राग किमतीचा आला असता, कौसाचा आला असता. स्वतःचा आला नसता.

"मी लिहून देनार न्हाई," मी म्हटलं. "माज्या वाट्याचं माज्या नावावर येऊ दे."

"तुला काय करायचा ह्या वयात पैसा?"

"मला न्हाई. कांताला. मी मेले की तिला पडवीतून काडतील."

"ते तुज्या पोराला सांग की. माज्या रानाचा काय संबंध?"

"रान बापाचं हाय. त्याच्या पोटी मी तुज्या आदी आलेय."

"आक्का, माहेर तुटंल."

"तुटंल तर तुटंल. लेकीला जागा नसंल तर मला माहेर घेऊन काय करायचंय?"

तो ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. उठला आणि गोठ्याकडे निघून गेला. कौसानं ताटातली साडी उचलली, तिची घडी नीट केली आणि पेटीत घातली. घडी बरोबर पडली. मोटार मला सोडायला आली नाही. मी फाट्यापर्यंत चालत गेले आणि एसटी धरली. गुडघे दुखले, एवढंच. त्या वर्षी साडी नव्हती म्हणून पिशवी हलकी होती.

गाव काय म्हणालं ते सांगायलाच पाहिजे. गाव म्हणालं, बहिणीनं भावाच्या पोटावर पाय दिला. शांताबाई म्हणाली, "आमी न्हाई बाई आसलं केलं. आमी भावाला जपलं." तिनं भावाला जपलं आणि नणंदेला खरडलेली पिशवी दिली. माझ्या मुलाला म्हणे चार माणसांत मान खाली घालावी लागली. पैसा येईपर्यंत त्याची मान खालीच होती. कचेरीत माझे हेलपाटे झाले, चपला झिजल्या, कुणी आजी म्हणालं, कुणी सोमवारी या म्हणालं. शेवटी आला पैसा. मग मुलाची मान वर झाली आणि तो म्हणाला, "आई, ट्रॅक्टरचं बगू का?"

मी मिरजगावच्या रस्त्याला कांताच्या नावावर जागा घेतली. पुढे शटरचा गाळा, मागे एक खोली. जागा मोठी नाही. पावसाळ्यात मागच्या भिंतीला ओल येते. पण बल्ब कितीही वेळ लावा, मीटर तिचं आहे. फॉल-पिको, झंपर, पोरींचे ड्रेस शिवते. मी झोपायला मुलाकडे, जेवायला तिच्याकडे. सुनेनं पडवीत फ्रीज ठेवला.

तेव्हापासून शिवा आला नाही, मीही गेले नाही. दिवाळीला मी माझी साडी मिरजगावात घेते. किंमत सगळ्यांदेखत विचारते. दुकानदार मोठ्यानं सांगतो, मीही मोठ्यानं घासाघीस करते. माझी नणंद वारली, त्यामुळे आता मला कुणाला काही लपवायचं राहिलं नाही. आमची सून मला म्हणते, "आत्या, तुमी लई म्हाग घेता." तिला तेवढंच दिसतं. आता तर ती मोबाईलवरही साड्या बघते, बोटानं वर सारत, देवाचं नाव घ्यावं तशी. तिथे म्हणे किंमत लपवून भेट पाठवायची सोय आहे. म्हणजे पुलाचंही काम उरलं नाही.

दोन वर्षांपूर्वी दिवाळीनंतर एक दिवस कौसा कांताच्या दुकानात आली. एकटी, एसटीनं. शिवानं आमच्याशी बोलणं बंद केलेलं, आणि ही पिशवी घेऊन दारात उभी.

"घरात सांगून आलीस का?"

"फॉल-पिको सीनेच्या अलीकडं स्वस्त हाय म्हनून सांगितलंय," ती म्हणाली. "स्वस्त म्हनलं की कुनी आडवत न्हाई."

पिशवीतून तिनं साडी काढली. मोरपंखी, भारी. मी पदर उलटून बघितला. माडीवरची होती, खालची नव्हे.

"कुनी घेतली?"

"माज्या भावानं."

कांताचं मशीन थांबलं. कौसाचं माहेर पार आष्टीच्या पुढे. तिथल्या रानात काय निघालं, रस्ता की आणखी काही, ते मी विचारलं नाही. काही तरी निघालंच असणार. उगीच कुणी माडी चढत नाही.

"वन्सं," ती खाली बघत म्हणाली, "न्हाई म्हनायचं कसं आसतं ओ?"

"तोंडानं."

ती हसली नाही. "आई हाय माजी तितं. अंथरुनाला खिळलीया. न्हाई म्हनलं तर तिला भेटू देनार न्हाईत."

"मग सही कर."

"तुमी केली न्हाई."

"माजी आई मेलेली हुती. तुजी जित्ती हाय. तुला दोन्ही पायजे, तर मला कशाला इचारतीस?"

कांता मधेच म्हणाली, "आई, जरा नीट बोल की." मी नीटच बोलत होते. कौसानं डोळे पुसले, पाणी प्याली, साडीला फॉल लावून होईपर्यंत बसून राहिली. जाताना मशीनवर हात ठेवून कांताला म्हणाली, "बरं झालं बाई तुजं." मला काही म्हणाली नाही.

तिनं सही केली. कुणीतरी सांगितलं मला. त्या हिवाळ्यात तिची आई गेली, आणि ती मोरपंखी साडी नेसून कौसा भाचीच्या लग्नात मिरवली, हेही कुणीतरी सांगितलं.

गेल्या वर्षी भाऊबिजेला दुपारी आम्ही शटर अर्धं ओढून बसलो होतो. सणाचं गिऱ्हाईक नसतं. रस्त्यानं मोटारसायकली चाललेल्या, मागे नवी साडी नेसलेल्या बायका, हातात डबे. शटरखालून मला आधी पाय दिसले, मग कौसा वाकून आत आली. हातात झंपराचं कापड, बाजारात कुठेही मिळतं तसलं.

"आज?" कांतानं विचारलं.

"उसवलं हुतं," ती म्हणाली. कापड नवं कोरं होतं.

कांतानं तिला चकली-लाडू दिले. तिनं थोडे खाल्ले, थोडे पदरात बांधले. मी म्हटलं, "भाऊ आला न्हाई का?"

"सकाळधरनं बगितली वाट. फोन आला मंग. कांदा लावायचाय म्हनला, टाइम न्हाई."

"व्हय. कांदा थांबत न्हाई."

तिनं माझ्याकडे बघितलं. "आनि तुमचा?"

"माजा तुज्याच घरात ऱ्हातो. तूच सांग."

कौसा चकलीचा तुकडा मोडत राहिली. "ते बी म्हनले," ती हळूच म्हणाली, "कांदा लावायचाय."

आम्ही रस्त्याकडे बघत बसलो. कांतानं ते नवं कापड घेऊन त्याला उगीच दोन टाके घातले. ऊन शटरच्या बाहेर सरकत गेलं. समोरच्या दुकानानं लायटिंग लावलं, तशी कौसा उठली, शेवटची एसटी जाईल म्हणाली, आणि पदरातले लाडू सांभाळत वाकून बाहेर गेली. कुणाच्या जागेत किती वेळ बसायचं ते तिला आता कळायला लागलं आहे. मी लेकीच्या जागेत बसून राहिले.